नानवरचा निनावी शेरा

आमच्या मुनीसाने तिच्या आईचा व्हिडिओ काढला तेव्हा मी घरी नव्हतो. हे वाक्य पुढच्या अकरा दिवसांत मी इतक्या लोकांना सांगितलं आणि इतक्या कागदांवर लिहून दिलं, की आता मलाच शंका येते, मी घरी होतो की काय.

व्हिडिओ साधाच होता. आमचं ताश्कंदच्या पूर्वेकडल्या मार्गिलान शहरातलं अंगण, फुललेला जर्दाळू, पेटलेला तंदूर, आणि त्यात कमरेपर्यंत वाकून आतल्या भिंतीवर नान थापणारी आमची होसियत. एक मिनिट बारा सेकंद. निमित्त असं, की मुनीसाचं लग्न ठरलं होतं आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी नान मोडायचा होता. नान मोडणं म्हणजे दोन्ही घरचे नान एकावर एक ठेवायचे, एखाद्या वडीलधाऱ्याने ते मोडायचे, सगळ्यांनी एकेक तुकडा खायचा. तुकडा घशाखाली उतरला की कोणाला 'नाही' म्हणायची सोय उरत नाही. मुलीकडचा नान मुलीच्या आईनेच भाजायचा. तिथे बाजारातला नान ठेवला, तर नानऐवजी लग्न मोडण्याचा संभव अधिक.

पहिल्या दिवशी व्हिडिओखाली सव्वीस शेरे आले. पंचवीस जणांनी फुलं, बदाम आणि "हातांना कधी दुखणं न येवो, ओपा" असे आशीर्वाद पाठवले; ओपा म्हणजे ताई, जसं अका म्हणजे दादा. सव्विसावा शेरा 'कडूसत्य०७' या इसमाचा. चेहऱ्याच्या जागी ससाण्याचं चित्र. मजकूर पुढीलप्रमाणे:

"वय झालं. हात थरथरतायत. कामही तोंडासारखंच सुरकुतलंय. आता झाकण ठेव आणि मरणाची वाट बघ."

मी पस्तीस वर्षं एका विनोदी मासिकात लोकांची टर उडवून पगार घेतला. तेव्हा धंद्याच्या दृष्टीने सांगतो: सुरुवात बरी, उपमा शिळी, शेवट ओढूनताणून आणलेला. माझ्या टेबलावर आला असता तर 'साभार परत' लिहून पाठवला असता. पण आता संपादक नसतात. जो लिहितो तोच छापतो, आणि वाचणारा एकटा असतो.

होसियतने तो शेरा चष्मा लावून वाचला. अंगणात गेली, तंदूरवर पत्र्याचं झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला आणि आत येऊन म्हणाली, "अहो, उद्यापासून नान बाजारातून आणा."

मुनीसा रडायलाच लागली. "आई, अगं कोणीतरी रिकामटेकडा असेल!"

"असेल की. रिकामटेकड्याला डोळे नसतात का?"

"आणि रविवारचा नान?"

"मावशीला सांग तुझ्या."

मुनीसा रडायची थांबली. मावशीच्या नानची कीर्ती अशी, की तिच्या थोरल्या मुलीच्या वेळेला तो मोडेना. चार वडीलधारे घामाघूम झाले. शेवटी सुरी आणावी लागली. आमच्याकडे नानला सुरी लावणं म्हणजे आजोबांना लाथ मारण्यापैकी आहे. ती मुलगी वर्षभरात माहेरी परतली; दोष कोणाचा, यावर अजून दोन तट आहेत.

"मी भाजणार नाही," होसियत म्हणाली आणि दोन्ही हात एप्रनखाली घेऊन बसली.

मी त्या हातांकडे पाहिलं नाही. मी शेऱ्यातलं व्याकरण तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा मामासोली आला. मामासोलीने पंचवीस वर्षं पोलीस खात्यात फोटोग्राफर म्हणून काढली. गुन्हेगार त्याने फक्त समोरून आणि बाजूने पाहिले. पण त्याचा असा समज आहे, की आतूनही पाहिले.

"तुर्गुन-अका," त्याने दार लावून घेतलं, "हे बाहेरच्याचं काम नाही."

"कशावरून?"

"हात थरथरतात हे बाहेरच्याला काय माहीत? ही आतली माहिती आहे. माणूस गल्लीतलाच."

"पण तिचे हात थरथरतच नाहीत."

मामासोलीने माझ्याकडे समोरून पाहिलं, मग बाजूने पाहिलं. "तुम्ही शेवटचे कधी बघितलेत?"

"रोज बघतो!"

"रोज बघणारा साक्षीदार सगळ्यात कच्चा," तो म्हणाला आणि त्याने वही काढली.

वहीत चौदा संशयित होते. पहिला, कोपऱ्यावरचा नानवाला सोतीबोल्दी. कारण होसियतचा तंदूर बंद पडला की त्याचा धंदा वाढतो. दुसरी, मुनीसाच्या शाळेतली एक मैत्रीण. कारण तिचं लग्न ठरत नव्हतं. नवव्या क्रमांकावर मी होतो.

"मी?"

"राग मानू नका. पण पस्तीस वर्षं टोपणनावाने लोकांवर टोचून लिहिलंय कोणी? 'सुई' कोण होतं?"

आता माझ्या टोपणनावाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. ते इतकं गुप्त होतं, की पोस्टमन 'सुई, मार्गिलान' एवढ्या पत्त्यावर शिव्यांची पत्रं बिनचूक घरी आणून टाकत असे. एकदा मी एका सरकारी बेकरीच्या व्यवस्थापकावर लिहिलं, तर तो लाटणं घेऊन कचेरीत आला. मी पळालो. तो मागे आला. दोन चौक पळाल्यावर दोघांनाही दम लागला, म्हणून एकाच बाकावर बसलो आणि त्याने मला त्याची बाजू सांगितली. बाजू बरी होती. या सगळ्याची त्या ससाण्याशी तुलना व्हावी, याने मी फार दुखावलो. मामासोलीला तसं सांगितलं. त्याने वहीत 'दुखावला' अशी नोंद केली.

यादीची बातमी दुपारपर्यंत फुटली आणि संशयित एकेक करून यायला लागले. आमच्याकडे खरं-खोटं करायचं ते नानवर हात ठेवून. "खोटं बोलत असेन तर नान बाधो!" म्हटलं, की पुढे कोर्ट नाही. त्यामुळे जो येई तो नान घेऊनच येई. दारात उभा राही, शपथ घेई, आणि शपथेचा नान परत नेणं अशुभ म्हणून आमच्याकडेच ठेवून जाई. सोतीबोल्दी सहा नान घेऊन आला आणि सहा वेळा शपथ घेऊन गेला. ज्यांची नावं यादीत नव्हती तेही आले. यादीत नाव नसणं हाच त्यांना अपमान वाटला.

संध्याकाळपर्यंत घरात एकतीस नान जमले. नानवरून घायाळ झालेल्या बाईच्या घरात दुसऱ्यांचे एकतीस नान. होसियतने प्रत्येकाचा एकेक तुकडा मोडून चाखला आणि एकाबद्दलही अवाक्षर काढलं नाही. त्यावरून मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

मग मी कायद्याकडे वळलो. आमच्या मोहल्ल्याच्या अध्यक्षा ओयखोन-ओपा यांनी 'सदर महिला नान उत्तम भाजतात' अशा दाखल्यावर शिक्का मारून दिला. तो घेऊन मी एका मोठ्या कचेरीत गेलो. खिडकीमागचा तरुण अतिशय सभ्य होता. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, ही सरकारी कामातली खरी अडचण.

"अर्जदार कोण, अका?"

"मी."

"अपमान कोणाचा?"

"बायकोचा."

"मग तुम्हाला काय झालं?"

हा प्रश्न त्याने रकाना भरण्यासाठी विचारला होता, पण मी बराच वेळ उत्तर शोधत राहिलो. शेवटी त्यानेच 'नवरा' असं लिहिलं.

"आता, निनावी इसमाचं पूर्ण नाव?"

"निनावी आहे ना तो!"

"रकाना मोकळा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देत नाही."

"कडूसत्य."

"आडनाव?"

"शून्य सात."

"वडिलांचं नाव?"

या प्रश्नाला माझ्याकडे एक अस्सल उत्तर होतं. पण मागे बायका उभ्या होत्या.

"बरं, मजकूर खरा की खोटा?" त्याने दोन वेगवेगळे अर्ज काढले. "खोटा असेल तर बदनामी, ही खिडकी. खरा असेल तर नुसता अपमान, ती पलीकडची खिडकी. ती गुरुवारी उघडते."

"खोटा! शंभर टक्के खोटा!"

"मग हात थरथरत नसल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा."

"आणि सुरकुत्यांचं?"

"सुरकुत्यांना प्रमाणपत्र लागत नाही, अका. फोटो पुरतो."

होसियत दवाखान्यात यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "अगं, दोन मिनिटांचं काम. डॉक्टर हात बघेल, सही करेल, की त्या ससाण्याची पिसं काढतो बघ." ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि रुमाल बांधला. हताश झालेल्या बाईची संमती आणि पटलेल्या बाईची संमती दिसायला सारखीच असते. माझी तर दोन्हीत नेहमीच गल्लत होते.

डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, "यावर एक गोल गोल वळत जाणारी रेघ काढा, ओपा. गोगलगाईसारखी." होसियतने काढली. काढून झाल्यावर कागदावर जे उरलं ते गोगलगाईसारखं दिसत नव्हतं. एखाद्या झाडाची मुळं उपटून ठेवावीत तसं दिसत होतं.

"कधीपासून?"

"सात वर्षं," होसियत म्हणाली.

"कोणाला?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हे जिवावरचं दुखणं नाही. थरथर राहील, थोडी वाढेल, मनाला लावून घेऊ नका. "कोणी आपल्या हातांकडे बघतंय असं वाटलं, की हे जास्त होतं," त्या म्हणाल्या. होसियत म्हणाली, "हो. आठवड्यापूर्वीपर्यंत एवढं नव्हतं." प्रमाणपत्र मिळालं, पण ते पलीकडच्या खिडकीचं होतं.

परत येताना गाडीत मी हिशेब मांडत बसलो, आणि मला चहा आठवला. आमच्याकडे पाहुण्याला पियाला अर्धाच भरून देतात. जितका चहा कमी तितका मान मोठा, कारण पुन्हा पुन्हा ओतायची तयारी आहे असा अर्थ. काठोकाठ भरला तर अर्थ असा, की प्या आणि उठा. गेल्या सात वर्षांत माझ्या पियाल्यातला चहा कमी कमी होत चालला होता. अलीकडे तर तळाला जेमतेम दोन घोट असत. मला वाटे, वयाबरोबर आपल्याबद्दलचा आदर वाढतोय. मी चहाखान्यात तसं बोलूनही दाखवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही विनोद केला असता."

मी गप्प बसलो. कारण नेमका त्याच क्षणी मला एक सुचला होता.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी चहाखान्यात गेलो.

आमच्या चहाखान्यात अस्किया चालते. अस्किया म्हणजे शब्दांची कुस्ती. दोन बाजू समोरासमोर बसतात, एक विषय ठरतो, आणि एकमेकांची अशी काही सालं काढतात की ऐकणाऱ्याच्या पोटात दुखावं. नियम एकच: ज्याची साल निघते त्याने सगळ्यांत मोठ्यानं हसायचं. चिडला तो हरला. या कुस्तीचे आमचे सगळ्यांत जुने पहिलवान तोजिबोय-अका. वय ब्याऐंशी, दात एक. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली आणि तो शेरा वाचून दाखवला.

तोजिबोय-अकांनी डोळे मिटून ऐकला. "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. "म्हणजे हा माणूस पहिली चाल खेळून आठ दिवस बसलाय, आणि मार्गिलानमधून त्याला एकानेही उत्तर दिलं नाही?"

"नाही."

"थू आपल्या जिंदगानीवर! शहराची अब्रू गेली की रे तुर्गुन! काढ फोन."

मला त्या वेळी हे बरोबरच वाटलं, हे कबूल करतो. आयुष्यभर ज्याला जसं भांडता येतं तसंच तो भांडतो. आम्ही नऊ जण बसलो. विषय ठरला: नान. प्रत्येकाने बोलायचं, मी टाइप करायचं, आणि अस्कियात नाव लपवणं नामर्दपणा म्हणून प्रत्येक शेऱ्यासोबत बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता. पहिली चाल माझी: "तुर्गुनबोय, रेशीम गल्ली, घर अकरा. कडूसत्य, नान भाजायला नुसता तंदूर तापून चालत नाही. तुझं डोकं तापलंय, पण आत पीठ कुठंय?"

हशा झाला. आम्ही वाट पाहिली. कडूसत्य उत्तर देईना.

"समोरची बाजू रिकामी ठेवता येत नाही," तोजिबोय-अका म्हणाले. "नियम आहे. चौघं जण उठा आणि त्याच्या बाजूने बसा."

आणि चौघं उठून कडूसत्याच्या बाजूने बसले. पहिले तोजिबोय-अकाच. त्यांनी मला लिहायला लावलं: "तोजिबोय, चहाखान्यामागे. होसियतचा नान इतका कडक, की माझे दात त्यातच राहिले. म्हणून मी रोज तिच्याकडे जातो, दातांची विचारपूस करायला." मग कालव्याजवळचा हमरोकुल: "होसियत-ओपांचा हात थरथरतो म्हणून त्यांच्या नानवर आपोआप नक्षी उमटते. आमच्या बायकोचा हात स्थिर आहे. पण तो फक्त माझ्यावर उठतो."

दोन तास. अशी अस्किया गेल्या वीस वर्षांत झाली नव्हती. लोक खांबाला धरून हसत होते. चहाखान्याचा मालक किटली खाली ठेवून जमिनीवर बसला. त्रेचाळीस शेरे झाले, आणि त्यातले बावीस कडूसत्याच्या बाजूचे. खरं सांगायचं तर तेच सरस होते.

तेवढ्यात फोन वाजला. मुनीसा.

"बाबा! काय चाललंय काय तिकडे? आईच्या व्हिडिओखाली अख्खा चहाखाना आईला बोलतोय! पत्त्यासकट!"

"अगं, ती अस्किया आहे."

"कुठे आहे अस्किया? मला फक्त शिव्या दिसतायत!"

मी फोन कानापासून दूर धरला आणि शेरे पहिल्यापासून वाचले. हसू कुठेच नव्हतं. ते चहाखान्यातच राहिलं होतं. फोनमध्ये गेली होती ती नुसती सालं. आणि ज्या थरथरीबद्दल आतापर्यंत एका ससाण्याने मोघम लिहिलं होतं, तिला आता मोहल्ल्यातल्या चार प्रतिष्ठित नागरिकांनी नावानिशी दुजोरा दिला होता.

घरी आलो तर होसियत त्रेचाळीसही वाचून बसली होती.

"तोजिबोय-अका गेला हिवाळाभर आपल्याकडे जेवले," ती म्हणाली. "मी त्यांना नान दुधात भिजवून देत होते."

"अगं, ते प्रेमाने—"

"असेल. मला दिसलं नाही." तिने फोन उलटा ठेवला. "तो एक होता, त्याचं नाव माहीत नव्हतं. यांची नावं माहीत आहेत. यातलं बरं कोणतं आणि वाईट कोणतं, तुम्हीच सांगा. तुमचा धंदा होता तो."

तिने हात एप्रनखाली घेतले, आणि एप्रन हलत राहिला. यावेळी मी पाहिलं.

शुक्रवारी रिश्तानहून विहीणबाई आल्या. बुसोरा-ओपा. बाई तालेवार, कुंभारांच्या घरातल्या, पाठ ताठ, बोलणं मोजकं. सोबत दोन जावा. त्यांच्या कानावर काय गेलं होतं आणि काय नव्हतं याचा अंदाज चेहऱ्यावरून लागेना. बैठकीवर बसल्या, दुवा झाली, आणि बुसोरा-ओपा म्हणाल्या, "रविवारी तुमच्याकडचा नान तुमच्याच हातचा ना, विहीणबाई?"

"चहा घ्या," होसियत म्हणाली.

मुनीसा किटली घ्यायला पुढे झाली. पण होसियतने तिला नजरेने थांबवलं. विहिणीला पहिला पियाला आईनेच द्यायचा. तिने किटली उचलली. तिन्ही बायका तिच्या हातांकडे बघत होत्या. त्या मुद्दाम बघत नव्हत्या, पण बघत होत्या. किटलीची चोच पियाल्यावर टकटक वाजायला लागली. होसियतने दुसऱ्या हाताने किटली धरली, तर दोन्ही हात एकदम हलले आणि चहा भसकन पडला. पियाला काठोकाठ भरला. एक थेंब ओघळून ताटलीत गेला.

बुसोरा-ओपांनी पियाल्याकडे पाहिलं. त्यांच्या जावांनी पियाल्याकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. एवढा भरलेला पियाला मी आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

बुसोरा-ओपांनी तो उचलला, उठून उभ्या उभ्या एक घोट घेतला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बरंय. आम्ही येतो."

"अहो बसा, बसा!" मी ओरडलो. "म्हणजे तसं नाही! चहा तसा नव्हता! माझ्यामुळे! मी लिहिलं ते—" मी काय बोलत होतो ते मलाही कळत नव्हतं. बायका दाराशी पोचल्या होत्या. मुनीसा भिंतीला टेकून पांढरी पडली होती.

"विहीणबाई," होसियत म्हणाली.

बुसोरा-ओपा वळल्या.

होसियतने दोन्ही हात एप्रनखालून काढले आणि पुढे धरले. "माझे हात थरथरतात. सात वर्षं झाली. चहा हातून जास्त पडला. तुम्हाला घालवायचं नव्हतं."

बुसोरा-ओपा परत आल्या आणि धपकन बसल्या. "अगंबाई, मग हे आधी नाही का सांगायचं! आल्या आल्या आम्हाला दार दाखवलंत की हो! मी घरी जाऊन ह्यांना काय सांगू याची जुळवाजुळव करत होते." त्यांनी पियाला उचलून पूर्ण संपवला. "आणि थरथरले तर थरथरले. लपवायचं काय त्यात? कोणी काही बोललं का?"

मुनीसाने भीत भीत फोन पुढे केला. बुसोरा-ओपांनी तो हातभर लांब धरून वाचला. मग त्यांच्या मोजक्या बोलण्याचा बांध फुटला.

"अगं, हा तर आमचाच कडूसत्य!"

"तुमचा?"

"आमच्या ह्यांनी चाकावर थाळी करताना व्हिडिओ टाकला, त्याच्याखाली हेच! वय झालं, हात थरथरतायत, काम सुरकुतलंय, झाकण ठेव. अक्षर न् अक्षर हेच. ह्यांनी दोन दिवस चाकाला हात लावला नाही. आणि माझा दीर, तो जत्रेत दोरीवर चालतो, त्यालाही हेच. तो बिचारा दोरीवर चढायला घाबरायला लागला."

मुनीसाने शोधायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. ताश्कंदमधल्या एका शिंपिणीच्या खाली तोच शेरा. एकोणीस वर्षांच्या कुस्तीगिराच्या खाली तोच. एका नव्या पुलाच्या उद्घाटनाखाली तोच. एका शर्यतीच्या घोड्याखाली तोच: वय झालं, हात थरथरतायत. घोडा चार वर्षांचा होता. हात त्याला मुळातच नव्हते. दोनशे बारा ठिकाणं मोजली आणि मग मुनीसाने मोजणं सोडून दिलं.

मामासोली भिंतीवरून डोकावत होता. त्याने वही मिटली. "म्हणजे घोड्याच्या शेजाऱ्यांचीही यादी करावी लागेल," तो खिन्नपणे म्हणाला.

"म्हणजे," होसियत सावकाश म्हणाली, "त्याने माझा नान बघितलाच नाही?"

"नाही गं आई! तेच तर! त्याने काहीच बघितलं नाही!"

"एक मिनिट बारा सेकंदसुद्धा नाही?"

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. बायकांच्या बाबतीत मला जे वाटतं ते लिहून ठेवावं आणि उलटं करून वाचावं. होसियत अशी संतापली, की लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी मी तशी पाहिली नव्हती.

"दहा दिवस! दहा दिवस मी तंदूर थंड ठेवला! ज्याच्यासाठी ठेवला, त्या मेल्याने नान बघितलासुद्धा नाही! नीट बघून वाईट म्हणाला असता तर एक वेळ—" ती अंगणात गेली आणि तिने झाकणावरचा दगड असा फेकला की मामासोली भिंतीमागे दिसेनासा झाला.

मी जागेवरच बसून राहिलो. ससाण्याने न बघता लिहिलं होतं. मी सात वर्षं समोर बसून चहा पीत होतो आणि मलाही दिसलं नव्हतं. दोघांतला फरक शोधत होतो; एखादा तरी निघेल अशी आशा होती.

त्या संध्याकाळी मुनीसाने कुठेतरी तक्रार केली आणि शनिवारी सकाळी कडूसत्य०७ नाहीसा झाला. त्याच्याबरोबर त्याचा शेरा गेला, आणि शेऱ्याखाली टांगलेले आमचे त्रेचाळीसही गेले. चहाखान्यात सुतक पसरलं. वीस वर्षांतली सर्वोत्तम अस्किया, आणि तिचा मागमूस नाही. "दात गेले ते गेले," तोजिबोय-अका म्हणाले, "दातांवरचा विनोदही गेला." मग काठी टेकत ते आमच्या दारात आले, होसियतसमोर उभे राहिले आणि खूप वेळ काहीच बोलले नाहीत. अस्कियाच्या पहिलवानाला शब्द न सापडणं मी प्रथमच पाहत होतो. "या, बसा," होसियत म्हणाली, "पण दूध आज नासलंय." ते हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

रविवारी पहाटे पीठ मी मळलं. मळायला जोर लागतो आणि होसियतला हाताचा जोर थापण्यासाठी राखून ठेवायचा होता, म्हणून. "मीठ घाला," ती म्हणाली. घातलं. "पाणी. अहो, पाणी म्हणजे पूर नव्हे." नऊ वाजेपर्यंत अर्धी गल्ली अंगणात उभी होती आणि माझ्या मळण्यावर शेरे मारत होती. ते मी इथे देत नाही. सगळ्यांची नावं मला माहीत आहेत.

होसियतने नान हातावर घेतला. हात थरथरत होता. सगळे बघत होते, आणि ती त्यांना बघू देत होती. ती वाकली, दिसेनाशी झाली, बाहेर आली. पुन्हा वाकली. त्या सकाळी तंदूरमधून जे नान निघाले ते गोल होते असं मी शपथेवर सांगणार नाही. एक बाजू जरा पुढे धावत होती, आणि मधोमध टोचायच्या नक्षीच्या ठशाचे टोचे वाट चुकल्यासारखे कडेला गेले होते. त्यातला सगळ्यांत बरा तिने निवडला, रुमालात बांधला आणि रिश्तानच्या गोल गरगरीत, चकचकीत नानवर ठेवला.

तोजिबोय-अकांनी दुवा म्हटली, दोन्ही नान हातात धरले आणि मोडले. एकदाच, कडकन. मुनीसाने डोळे मिटले होते ते उघडले. होसियतने तुकडे वाटायला घेतले. पहिला विहीणबाईंना.

बुसोरा-ओपांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि भरल्या अंगणात स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय."

जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मुनीसाने माझी बाही धरली. होसियत तुकड्यांचं ताट घेऊन विहीणबाईंच्या अगदी समोर उभी होती आणि ताट बारीक वाजत होतं.

"मीठ तुमच्या व्याह्यांनी घातलंय," ती म्हणाली.

बुसोरा-ओपांनी मान वळवून मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. मग घास गिळला आणि ताटाकडे हात पुढे केला.

"आणखी एक द्या," त्या म्हणाल्या. "तो कडेचा, जळका."